तांब्याचा भुंगा

सुलट बाजू

पाऊस आला तशी आम्ही अंगणात वाळत घातलेली कापडं ओढत पडवीत धावलो, आणि आमच्या मागोमाग एक अनोळखी माणूसही आत घुसला. खांद्यावर तांब्याच्या पट्ट्यांचं ओझं. ते माझ्या चुलीवरच्या मेणाच्या कढईला लागलं. कढई कलंडली नाही. एकच थेंब उडाला… आणि नेमका माझ्या कापडावर पडला, नुकत्याच संपवलेल्या पक्ष्याच्या मानेशेजारी.

"डोळे कुठं ठेवून आलात?"

"तुमच्या कापडावर," तो म्हणाला. "म्हणून तर पाय चुकला."

म्हातारी सारीपामावशी फिसकन हसली. मी नाही.

"मेण पडलं ते पडलं. नीळ चढली की तिथं पांढरा डाग राहणार. मालकीण मला सोलून काढेल."

"मग त्याला पाय काढा. किडा होईल."

त्याच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी तांब्याच्या चोचीची लेखणी मेणात बुडवली, चोचीवर फुंकर घातली आणि थेंबाला पाय काढले. केसाएवढे बारीक. मग दोन मिशा. भुंगा झाला. रागाच्या भरात काढलेला, तरी झाला.

तो वाकून बघतच राहिला. हनुवटीवरून पाणी ठिबकायच्या बेतात.

"मागं व्हा! आता पाणी सांडणार का त्याच्यावर?"

"किती बारीक काढता तुम्ही…"

"चोच बारीक आहे."

"असणारच. माझ्या बापानं घडवलीय ती. लांबून ओळखली मी."

उलट बाजू

(बाटिकच्या कापडाला दोन्ही बाजूंनी मेण लावावं लागतं. नाहीतर रंग मागून आत शिरतो. म्हणून हेच जरा मागच्या बाजूनं.)

मला त्याचा आवाज आवडला होता.

बास. पुढं.

सुलट बाजू

त्याचं नाव सार्कावी. तांबट. आमच्या जावातल्या पेकालोंगान गावातला सगळ्यात हुशार तांबट, असं मालकीणबाईच सांगत होत्या. तो का आलाय तेही त्यांनीच सांगितलं. सेमारांग शहरातल्या डच पेढीला माझ्या पक्ष्याचं कापड हवंय, गाठोड्यांनी, आणि प्रत्येक तुकडा हुबेहूब सारखा. हातानं ते कसं व्हायचं? सार्कावी पक्ष्याचा तांब्याचा ठसा करणार. ठसा मेणात बुडवायचा आणि कापडावर दाबायचा. ते काम पुरुष करतात.

"आणि आम्ही?" सारीपामावशीनं विचारलं.

"साखर कारखान्यात बायका घेतात म्हणे," मालकीणबाई म्हणाल्या आणि पंख्यानं वारा घेत आत गेल्या.

मावशीच्या बोटांना मेणाचे चटके खाऊन खाऊन घट्टे पडलेत. ती ऊस वाहणार!

रोज सकाळी तो माझ्यासमोर बसायला लागला, माझ्या कापडावरून नक्षी उतरवायला.

"उजेड अडवताय."

"तुम्ही सरका की."

"जागा माझी आहे ही." मी थांबले. "अजून तरी."

"एवढं रागावून काढलं की रेघ थरथरत नाही का?"

"थरथरलेली दाखवा."

त्यानं शोधली. बराच वेळ. कापडात शोधायची सोडून माझ्या चेहऱ्यात शोधू लागला, तेव्हा मी चुलीत इतक्या जोरात फुंकर मारली की राख त्याच्या नाकात गेली.

मग एका सकाळी त्यानं माझ्यापुढं मूठ उघडली.

भुंगा. तांब्याचा. तोच, माझा. सहाही पाय केसासारखे, मिशांना हलकासा बाक.

"आख्ख्या तांबट आळीत दुसऱ्या कुणी असं वळवून दाखवावं," तो म्हणाला. लहान मुलासारखा खूश होता. "तांब्याला काय जमत नाही? सांगा ना, काय जमत नाही?"

"काही नाही. सगळं जमतं." माझा आवाज चिरका झाला. "म्हणजे आता आम्ही कुणीच नकोत. हेच सांगायला आलात ना, दागिना घेऊन?"

"मी… तुम्हाला आवडेल म्हणून…"

"बापानं चोच दिली आणि मुलगा हात काढून घेतोय. तोंड पाहायचं नाही मला तुमचं!"

तो उठला. भुंगा माझ्या चुलीशेजारी ठेवला, पट्ट्यांचं ओझं उचललं आणि चालता झाला.

उलट बाजू

भुंगा मी विहिरीत टाकला असं सगळ्यांना सांगितलं.

सुलट बाजू

ठसा आला. मालकीणबाईंनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. सार्कावीनं तो मेणात बुडवला, कापडावर दाबला, उचलला. वेली नेटक्या. पक्षी डौलदार. पण पंख रिकामे. एक पीस नाही, एक ठिपका नाही. भुंगा तर नाहीच.

"हे काय? आतलं कुठाय?"

"तांबं इतकं बारीक वळत नाही, मालकीणबाई."

ज्यानं हे वाक्य कधी दुसऱ्या तांबटालाही बोलू दिलं नसतं, तो ते बोलला. जमिनीकडं बघत.

"वार्तीना, तू रोज याच्यासमोर बसायचीस. खरं बोलतोय का हा?"

माझ्या अंबाड्यात, पार आत, सहा पाय डोक्याला टोचत होते. एक हात वर नेला असता तर तो खोटा ठरला असता. आणि राग तर होताच. त्या पेढीचा, मालकीणबाईंच्या पंख्याचा, आणि याचाही. आमची चूल याच्या एका थापेवर पेटती राहावी, या गोष्टीचा.

"खरं बोलतोय," मी म्हणाले. "याच्यानं नाही व्हायचं. हात बघा ना किती जाड आहेत."

बायका हसल्या. सार्कावीचे कान लाल झाले.

"मग रेघा ठशानं मारा, आतलं बायकांनी भरा," मालकीणबाई वैतागून म्हणाल्या. "पेढीला सांगते मी."

अर्धं काम गेलं. अर्धं राहिलं. सारीपामावशीनं परत आपली चूल फुंकली.

दोन्ही बाजू

तो फाटकाशी थांबला होता.

"जाड हात?"

"मग काय सांगायचं होतं?"

"उद्या सगळी आळी हसेल मला."

"हसू दे."

"दुसरा कुणी तांबट येईल कधीतरी, वार्तीना. त्याला जमेल. तो सांगेलही."

"ठाऊक आहे. म्हणून तर राग जात नाही."

"माझ्यावरचा?"

"तुझ्यावरचाही."

तो मान हलवत राहिला. मग हळूच— "भुंगा खरंच विहिरीत टाकलास?"

मी पाठ फिरवली आणि अंबाडा सोडला. भुंगा केसांत अडकला होता, पाय पुरते गुंतलेले. ओढला तर निघेना.

"सोडव," मी म्हणाले. "जाड हातांनी."

मागं त्याचा श्वास ऐकू येत होता. बोटं तर जाणवतच नव्हती. एक पाय सुटला. दुसरा. एकही केस ओढला गेला नाही.

"खोटारडा," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला.

मी राग सोडला नाही. मान तेवढी जराशी मागं झुकवली… अजून चार पाय बाकी होते.