गळ्याशपथ

मी वाशीमच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर. इंजिन बिघडलं की मी त्याला शिव्या घालायचो आणि भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला त्याहून जास्त. वर ‘गळ्याशपथ’ म्हणायची सवय. १९३८ च्या भादव्यात एका गिरणीचं इंजिन दुरुस्त करायला कळमनुरीला गेलो. आम्हा इंग्रजी मुलखातल्या माणसांना निजामाची मोगलाई म्हणजे परदेशच! नाक्यावर पेटी उघडा, नावगाव सांगा, तेव्हा कुठे आत.

काम संपलं तो बाजाराचा दिवस. चिंचेखाली वसराम नावाच्या गारुड्यानं नागाचा खेळ मांडला होता. पुंगी थांबली आणि नागाच्या टोपलीतून अंगाई ऐकू आली. बाईचा आवाज, जरासा बसलेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी पाहत होतो वसरामच्या बायकोकडे, मनकर्णेकडे. मांडीवरचं लेकरू किरकिरत होतं. ती थोपटत होती, तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

खेळ मोडल्यावर मी वसरामला म्हटलं, “पोटातून बोलतोस की रे! झकास सोंग आहे.”

त्याचे डोळे भरून आले. “सोंग न्हाई, साहेब. नाग धरताना आमी त्याला वचन देतो. तुमच्या वाशीमच्या जिनिंगमागं वारूळ हाय, तिथं हिनं ह्याला धरला. नागपंचमीला जाग्यावर सोडते, गळ्याशपथ, म्हणली. पंचमी गेली. मधीच आमच्या टोळीला हद्दीपल्याड जायची मनाई झाली. तवापासून हिचा गळा त्याच्यापाशी. लेकरू झोपंना, साहेब.”

माझा कशाचा विश्वास! पण त्या बाईची कीव आली. “आण ती टोपली. मी सोडतो.”

“लई उपकार होतील. पण त्याला शब्द देऊ नका. मुकाट सोडा.”

मनकर्णेनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी ओशाळलो.

दुसऱ्या दिवशी टोपली मांडीवर घेऊन लॉरीत बसलो. हिंगोली मागे पडली तशी टोपलीतून मुसमुसणं ऐकू आलं. झाकणावर हात ठेवून मी हळूच म्हणालो, “रडू नको, माय. दिवस मावळायच्या आत घरी सोडतो, गळ्याशपथ.”

टोपली गप्प झाली.

पैनगंगेचा चढ चढताना लॉरी बंद पडली. दुसरा कुणी चालत निघाला असता. मला बिघडलेलं इंजिन सोडवेना. बाह्या सारल्या आणि आत घुसलो. ते सुरू झालं तेव्हा सूर्य बुडाला होता.

वारुळापाशी कंदिलाच्या उजेडात टोपली उघडली. नाग सरळ आत गेला.

“जा, माय,” मी म्हणालो.

माझं मलाच ऐकू आलं नाही.

महिन्यानं परत कळमनुरीला गेलो. मनकर्णा लेकराला अंगाई गात होती. मला पाहून धावत आली. “दादा, तुमच्यामुळं माझा गळा आला!” मी नुसताच हसलो.

वसराम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “शब्द दिलात, साहेब? काहून दिलात?”

आता जे सांगायचं ते मी पाटीवर लिहितो.

माझी बायको गोजर हल्ली दुपारी जिनिंगमागे जाऊन बसते. परवा मी तिच्या मागोमाग गेलो.

“गोजर, जेवलीस का?” वारुळातून माझा आवाज आला.

गोजरनं पदरानं डोळे पुसले.

“हौ, जेवली,” ती वारुळाला म्हणाली. “तुमी घरी कवा येता?”