कळफलक तपासणी विभाग

प्रदर्शनाचे दालन अकराला उघडायचे होते. ताई सव्वादहालाच आत शिरल्या. पहारेकऱ्याने अडवले, तेव्हा "आतल्या यंत्रांच्या बिजागऱ्या मी बसवल्यात," एवढेच त्या म्हणाल्या, आणि ज्या सुरात म्हणाल्या त्या सुरापुढे तो बाजूला झाला.

कंपनीच्या जुन्या लॅपटॉपची नऊ मॉडेले काचेच्या पेट्यांत ओळीने मांडली होती. पहिले शिवणयंत्राइतके जड. ते मांडीवर घेऊन बसलेला एकही मनुष्य ताईंच्या पाहण्यात नव्हता. तिसऱ्याचे झाकण कोपऱ्यात तडकायचे. चौथ्याची बॅटरी पाऊण तासात मान टाकायची. नाव झाले ते पाचव्यापासून, आणि तेही केवळ कळफलकामुळे: खोल दबणारी, आवाज न करणारी, वर्षानुवर्षे न रुसणारी चौऱ्याऐंशी बटणे. त्या बटणांचा इतिहास भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिला होता. 'प्रत्येक कळफलकाची तपासणी स्वयंचलित यंत्राने होत असे.'

ताईंच्या अंगाची लाहीलाही झाली.

ती तपासणी अकरा वर्षे त्यांच्या धाकट्या बहिणीने केली होती. बटण दाबायचे, त्याची उचल बोटाने जोखायची, पुढचे घ्यायचे. दिवसाला साठ कळफलक. बाराव्या वर्षी तिची बोटे तळव्याकडे मिटली ती मिटलीच. आज ती पाण्याचे भांडे दोन मनगटांत धरून पिते. कंपनीच्या डॉक्टरांनी 'जन्मजात दोष' असा शेरा मारून फाइल मिटवली. धाकटीचे मागणे फार मोठे नव्हते. "ताई, तिथे एक ओळ लिहायला लाव. मी खोटं बोलत नव्हते, एवढं लोकांना कळू दे."

प्रदर्शनाची मांडणी पाहणारे साहेब त्या काळी कारखान्याचे उत्पादन अधिकारी होते. ताईंनी त्यांना भिंतीपाशीच गाठले.

"यंत्र होतं म्हणता, साहेब? होतं खरं. दोन वेण्या घालायचं आणि डबा घेऊन कामाला यायचं."

"बाई, आवाज खाली. कागदोपत्री यंत्रच आहे."

"मग मांडा की ते! नऊ पेट्या केल्यात, दहावी करा!"

"अहो, उद्या शिपाई येऊन सांगेल, स्क्रीन मीच शोधून काढला. त्याचीही पाटी लावू?" साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. मग सहाव्या मॉडेलजवळ गेले आणि ते पेटीतून बाहेर काढले. ते कारखान्यातून निघाल्यापासून मोहोरबंद होते. त्याची मोहोर अकराला पाहुण्यांसमोर तुटायची होती. "हे कुणी कधी उघडलेलं नाही. यात तुमच्या बहिणीच्या हाताची खूण दाखवा. तुमची ओळ मी स्वतःच्या हाताने लिहीन."

"शब्द फिरवाल."

"नाही फिरवणार. उघडा."

ताईंनी मोहोर फोडली आणि झाकणाला अंगठे लावले. कधी न उघडलेली बिजागरी पहिल्या खेपेला किंचित अडते आणि मग एकदाच सुटते. हजारो बिजागऱ्या बसवलेल्या हातांना ते विसरता येत नाही. ही अडली. मग सुटली. साहेब खरे बोलत होते.

आत चौऱ्याऐंशी बटणे मधोमध झिजून चकाकत होती. अक्षरे जवळजवळ पुसली गेली होती.

"कोणी हात लावला होता याला?" साहेब पहारेकऱ्यावर खेकसले.

"त्याच्यावर काय ओरडता? शब्द दिलात, आता लिहा!"

तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातले पहिले बटण खाली गेले. क्षणभर थांबून वर आले.

मग शेजारचे.

ताईंनी यंत्र उलटे केले. बॅटरीचा खण रिकामा होता. वायर नव्हती. स्क्रीन काळा होता. यंत्र सरळ ठेवले, तेव्हा बटणे तिसऱ्या ओळीत पोहोचली होती. चौऱ्याऐंशी झाली की पुन्हा पहिले.

काचेआड पाचवे सुरू झाले. मग सातवे, आठवे, नववे.

साहेबांच्या कपाळावर घाम फुटला होता. ताईंनी घरी फोन लावला. धाकटीच्या सोबतीला बसणाऱ्या शेजारणीने तो पहिल्याच घंटीला उचलला.

"ताई, तुम्हालाच लावत होते! अहो, यांची बोटं उघडली! पण रिकाम्या टेबलावर चालवत सुटल्यात. पुरे म्हटलं तर ऐकतच नाहीत."

"फोन तिच्या कानाशी धरा."

"ताई, आत्ता नको गं," धाकटीचा आवाज दमलेला होता. "अजून पुष्कळ राहिलेत."

अकरा वाजले. दारे उघडली.

पाहुणे पेट्यांभोवती जमले आणि थक्क होऊन पाहू लागले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, हलणाऱ्या बटणांकडे पाहिले. कपाळ पुसले, कोट सारखा केला आणि भिंतीवरच्या त्या ओळीखाली बोट ठेवले.

"स्वयंचलित तपासणी," ते म्हणाले. "आमचं यंत्र आजही काम करतंय."

टाळ्या वाजल्या.

"खोटं आहे! माझी बहीण आहे ती!" ताई ओरडल्या. "थांबवा कोणीतरी!"

लोक सौजन्याने थोडे बाजूला सरले.

फोन अजून चालूच होता. पलीकडे धाकटीचा श्वास लागलेला ऐकू येत होता.

"ताई," तिने विचारले, "शिफ्ट सुटायची घंटा आज झालीच नाही का गं?"