रिकामा डावा हात

मामाने चहा म्हणून बोट दाखवलेला कप दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थबकला. कपात चहा नव्हता. वाफाळत्या पाण्याच्या तळाशी एक इवलासा हात पडला होता.

“अरे... हा तर डावा,” तो म्हणाला.

अशा प्रसंगी सुसंस्कृत माणसाने दचकावे, निदान कप खाली ठेवावा, अशी अपेक्षा असते. या गृहस्थांनी तो खिडकीतल्या उजेडाकडे धरून आत निरखायला सुरुवात केली. मी भिंगावरून मान वर केली. कपाळावर आलेली केसांची बट, बोटांच्या पेरांत बसलेली राखाडी भुकटी, आणि डोळ्यांत अनोळखी माणसाला शोभू नये इतका आनंद.

“माझा आहे तो. खाली ठेवा.”

“तुमचे दोन्ही तर जागेवर दिसतायत.”

“कप माझा आहे, साहेब. आतला हात हिचा.” मी टेबलावरच्या वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या फिगरकडे बोट दाखवले. “मनगटातली खुंटी गार असताना हात बदलायला गेलं की ती मोडते. आधी गरम पाण्यात मऊ करावा लागतो.”

“आणि मी तो प्यालो असतो तर?”

“तर परीक्षणात लिहावं लागलं असतं, एक हात ग्राहकाने गिळला.”

गल्ल्यावरून मामा खदखदून हसला. दुकान त्याचे, माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. शिंपी आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये अंग चोरून बसलेले हे दुकान छतापर्यंत खोक्यांनी भरलेले आहे, आणि त्यातले खिडकीजवळचे टेबल शनिवारी माझे असते. आठवडाभर मी महाविद्यालयात शिल्पकलेचा इतिहास शिकवते. शनिवारी विज्ञानकथांतल्या संग्राह्य ॲक्शन फिगरची परीक्षणे लिहिते. संगमरवराचा तुटका हात सापडला की त्यावर तीन खंड लिहिणारे माझे विद्वान सहकारी प्लास्टिकचा अखंड हात पाहून गालातल्या गालात हसतात. त्या हसण्याला मी उत्तर देत नाही. मी परीक्षण लिहिते. संग्राहक ते वाचल्याशिवाय पाकिटाला हात लावत नाहीत, आणि उत्पादक ते वाचण्याआधी ग्लासभर पाणी पितात, असे मामाचे म्हणणे.

“बसा ना,” मामा त्याला म्हणाला. “भाची माझी. तोंडाने तिखट आहे, पण पारख पक्की. उद्या हिच्यापुढे नवरदेव उभा केला तर आधी त्याचे गुडघे वाकवून बघेल.”

“मामा!”

“माझे वाकतात,” तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला आणि समोरच्या स्टुलावर बसला.

खोके नुकतेच उघडले होते. नव्या प्लास्टिकचा तो किंचित गोड, किंचित कडवट वास अजून टेबलावर रेंगाळत होता, आणि खरे सांगायचे तर त्या वासाने माझे काळीज दर वेळी शाळा सुटल्यासारखे धावते. आजची फिगर होती हरकारी: तुटलेल्या चंद्रावरून, जिवावर उदार होऊन, टपाल पोचवणारी अंतराळातली बाई. एका गाजलेल्या मालिकेतली, चाहत्यांच्या गळ्यातला ताईत. परीक्षण संध्याकाळपर्यंत संकेतस्थळावर पाठवायचे होते.

“दिवा धरता का जरा? फोटो काढायचेत.”

त्याने दिवा धरला. नेमका धरला, सावली नाकाखाली पडेल असा.

“बघितलंत?” माझा आवाज आपोआप चढला. “टपालपिशवीचा पट्टा खोटा नाही, खरंच निघतो! आणि आत... थांबा... आत पत्रं आहेत! प्रत्येक लिफाफ्यावर वेगळं अक्षर! हे दिसणार कोणाला? कोणालाच नाही. तरी कोणीतरी डोळे फोडून केलंय.”

“असतात काही वेडे,” तो म्हणाला आणि आपली नखे पाहू लागला.

शिरस्त्राणाची सोनेरी काच ‘टक्’ करून वर गेली, ‘टक्’ करून खाली आली. तिच्यात दोन इवलेसे चेहरे दिसले, अगदी गालाला गाल लागतील इतके जवळ. काच वाकडी असल्याचा हा परिणाम, हे मला ठाऊक होते. तरीही मी ती लगेच फिरवली नाही... आणि त्यानेही दिवा हलवला नाही.

गुडघ्यांनी मला भानावर आणले. हरकारीला गुडघा टेकता येत नव्हता. स्वाभिमानामुळे नव्हे, सांधा उथळ कापल्यामुळे. मी त्यावर आनंदाने दोन परिच्छेद लिहिले. मग कपातला हात काढून तिच्या मनगटात बसवला.

खोक्यात बदलायला मुठीच्या हातांची जोडी होती, पकडीच्या हातांची जोडी होती. हा डावा मात्र सुटा. त्याला उजवा जोडीदारच नव्हता. बोटे अर्धवट वाकलेली, अंगठा थोडा बाजूला. त्यात कंदील बसेना, होकायंत्र बसेना, इशाऱ्याचे पिस्तूल तर टेबलावर आपटून स्टुलाखाली गेले.

“ना आशीर्वादाचा, ना निरोपाचा, ना थोबाडीत मारायचा,” मी म्हणाले आणि टाइप केले: ‘हा डावा हात म्हणजे शिल्पकाराच्या आळसाचे स्मारक आहे.’

“खोडा ते,” तो पटकन म्हणाला. “म्हणजे... जरा थांबून बघा. तुम्ही तिला एकटीलाच तपासताय.”

“नियमच आहे माझा. खोक्यात असेल तेवढंच तपासायचं. मालिका बघायची नाही, चाहत्यांचं ऐकायचं नाही. बनवणाऱ्याचं तर मुळीच नाही.”

“मुळीच नाही?”

“मुळीच नाही.”

नेमका तेव्हा मामा खरा चहा घेऊन आला. “घ्या, शिल्पकार. यंत्रज्ञ कधी आणताय मग? हरकारीचा जोडीदार हो. गिऱ्हाइकं विचारून विचारून डोकं खातायत.”

पेरांतली राखाडी भुकटी. पाण्यातून ओळखलेला डावा हात. ‘असतात काही वेडे.’ सगळे पुरावे डोळ्यांसमोर होते आणि मी, पुराव्यांवर पोट भरणारी बाई, काचेत गाल बघत बसले होते! माझा राग उकळत नाही, गोठतो.

“म्हणजे दिवा धरणं, गुडघे वाकवणं... सगळी मशागत परीक्षणासाठी.”

“नाही. तुम्हाला बघायला आलो होतो. पुढचं काही ठरवलेलं नव्हतं.”

“बघायला?”

“माझ्या आधीच्या फिगरच्या कानाला तुम्ही सुकलेलं जर्दाळू म्हणालात. बरोबर होतं ते. तेव्हापासून कान शिकतोय. म्हटलं, इतकं नीट बघणारं माणूस दिसतं तरी कसं.”

मी हरकारीचा कान पाहिला. तो निर्दोष होता. त्यामुळे मी आणखीच चिडले.

“आणि यंत्रज्ञाचं काय?”

तो उभा राहिला. “ही खपली तर कंपनी त्याला बाजारात आणणार. नाही तर साचा रद्द, आणि तो कायमचा माझ्या कपाटात. नमुना या झोळीत आहे, पण करारात अट आहे, परीक्षकाला दाखवायचा नाही. दाखवणारही नाही. आणि तुमचं वाक्य बदलू नका. माझ्या तोंडाकडे बघून तर... नकोच.”

तो गेला. चहावर साय धरू लागली.

“काय गं,” मामा दबक्या आवाजात म्हणाला, “मी काही चुकीचं बोललो का?”

“मामा, जन्मात पहिल्यांदा वेळेवर बोललास.”

परीक्षण तयार होते. बोट ‘पाठवा’वर नेले... आणि तिथेच अडले. दया म्हणून अडले असते तर मी स्वतःला कधीच क्षमा केली नसती. अडले ते माझ्याच प्रबंधामुळे. एका भग्न शिल्पाच्या खांद्यावर फक्त चार बोटे उरली होती. त्या बोटांच्या दाबावरून मी सिद्ध केले होते की तिथे कधीकाळी दुसरे माणूस उभे होते. निघून गेलेल्याचा हात ओळखणारी मी, अजून न आलेल्याचा हात ओळखू शकले नव्हते!

भिंग उचलले. हाताच्या तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, बारीक सुरकुत्या कोरलेल्या होत्या. रिकाम्या तळव्याला अशा सुरकुत्या पडत नाहीत. काहीतरी घट्ट धरले की पडतात. हात अजून कोमट होता, मऊ होता. मी माझ्या करंगळीचे टोक त्या बोटांमध्ये सरकवले.

बोटांनी ते धरले. हलकेच, पण सोडायचे नाही अशा बेताने.

आळसाचे स्मारक खोडले. भराभर लिहिले, पाठवले, हरकारीला उचलले आणि धावले.

“अगं, चपला!” मामा ओरडला. “बसथांब्याकडे गेलाय तो! पण चपला घाल की!”

शिंप्याने मशीन थांबवून पाहिले. शिल्पकलेच्या इतिहासाची अध्यापिका, अनवाणी, हातात अंतराळातली बाई. पाहू दे.

तो थांब्यावरच्या बाकावर होता. मला पाहून उठला, माझ्या पायांकडे पाहून पुन्हा बसला.

“वाचा,” मी फोन पुढे केला. धाप लागली होती.

त्याने वाचले: ‘हा डावा हात रिकामा नाही. तळव्यावर सुरकुत्या आहेत, आणि सुरकुत्या दाबाशिवाय पडत नाहीत. त्याने दुसरा हात धरला आहे. तो दुसरा हात मात्र खोक्यात नाही. अर्धे शिल्प पूर्ण किमतीला विकणाऱ्या उत्पादकाने उरलेले अर्धे विनाविलंब हजर करावे. गुडघे अक्षम्य आहेत.’

तो परीक्षण शेवटपर्यंत खाली सरकवत गेला. मग म्हणाला, “गुडघ्यांवर दोन परिच्छेद?”

“वाईट आहेत ते.”

“आहेत.”

“फारच वाईट.”

“अहो, कळलं!” आणि तो असा हसला की बाकावरच्या आजोबांनीही वर्तमानपत्र खाली केले.

फोन त्याच्या हातात थरथरू लागला. परीक्षणाखाली वाचकांच्या प्रतिक्रिया येत होत्या. ‘दुसरा कुठे आहे?’ ‘यंत्रज्ञ कधी?’ ‘बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, माझ्या हरकारीच्या तळव्यावरही सुरकुत्या आहेत!’

“हाका मारतायत त्याला,” मी म्हणाले. “दाखवा आता.”

“करारात लिहिलंय, परीक्षकाला...”

“परीक्षण पाठवून झालं. आता मी परीक्षक नाही.”

“मग कोण?”

इतकी वर्षे वाचलेल्या ग्रंथांपैकी एकही मदतीला आला नाही. “ते... तुम्ही ठरवा,” मी म्हणाले. मग वाटले, एवढी महत्त्वाची गोष्ट दुसऱ्यावर कशाला सोडायची? “नाही. मीच ठरवते. दाखव.”

तो त्या एका शब्दाने इतका गडबडला की झोळीची गाठ त्याला सुटेना. शेवटी मी सोडली. आत राखाडी, अजून न रंगवलेला यंत्रज्ञ होता. चेहऱ्यावर धास्ती, उजवा हात पुढे केलेला. आम्ही दोघांना बाकावर समोरासमोर धरले, आणखी जवळ आणले... टक्. मी हरकारीला उचलले, तर यंत्रज्ञही तिच्यासोबत उचलला गेला. बस आली, आजोबांना घेऊन गेली.

“आणि याचं परीक्षण?” त्याने स्वतःचा हात पुढे केला. बोटे अर्धवट वाकलेली, अंगठा थोडा बाजूला.

भिंग दुकानात राहिले होते. “खुंटी गार असली तर मोडेल,” मी म्हणाले. “आधी गरम पाण्यात...”

“हात लावून तर बघ.”

लावून पाहिला. गरम पाणी लागले नाही.