सदरेतला आमचा उंबरा

माझी नात संघप्रिया हिचं लग्न ठरलं ते साल २०२३. लग्न पुढच्या जानेवारीत होतं. तेवढ्यासाठी माझी बायको सरुबाई गोळ्या वेळेवर घेत होती.

संघप्रिया शहरात, राजारामपुरीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. शाहूवाडीकडं आमच्या गडावरची पडकी सदर त्या कंपनीला पडद्यावर उभी करायची होती. सदरेचे दगड गावानं घरांसाठी कधीच खाली आणलेत. एकेक दगड पडद्यावर परत जागी लावायला ती घरोघर त्यांचे फोटो घेत फिरली. आमचा उंबराही तिथलाच. सरू त्याच्या आत तांदूळ निवडत बसली होती.

"आज्जी, सर की जरा."

"धोंड्याचं फोटू काढतीस व्हय? माझं काढ, लग्नात लावाय."

आठवड्यानं सरू म्हणाली, "सदरंत लई गार लागतंय. अकरा खांब हायत. एक उलटा लावलाय बगा."

सरू गडावर कधीच गेली नव्हती. मी नातीला फोन लावला. ती हसली, मग तिनं पडद्यावर मोजले. खांब अकराच होते आणि एकाचा माथा खाली बसवला होता.

सरूचं जेवण तुटलं. हाक मारली तर उशिरानं ओ देई, लांबून दिल्यासारखी. डॉक्टरला काही सापडेना. मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी राजारामपुरी गाठली.

पडद्यावर मोठी रिकामी सदर. कोपऱ्यात काहीतरी राखी रंगाचं.

"ह्ये काय?"

"डाग असंल, आज्जा. माणसं अजून घातलीच न्हाईत."

डाग डावा पाय लांब सोडून बसला होता. सरूचा डावा गुडघा वाकत नाही.

मी जन्मभर गवंडीकाम केलं. भिंत बिघडली की चुकीचा दगड काढायचा, एवढंच मला कळतं.

"पोरी, आमचा दगड काढ त्यातनं."

तिनं काढला. पडद्यावर त्या उंबऱ्याचं दार मिटलं. तिथं सलग भिंत आली.

"ही मी न्हाई घातली," ती म्हणाली.

डाग आता भिंतीपाशी होता. उभा.

"परत लाव."

"बसंना झालाय, आज्जा."

"लाव म्हणतो की!"

दगड बसला नाही. तेवढ्यात गावाकडून फोन आला.

शेजारच्या बनाबाईनं सरूचे हात दोनदा धुतले. नखांतली दगडाची भुकटी निघत नव्हती.

सरुबाई ५ डिसेंबर २०२३ रोजी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, घरात अंथरुणावर वारली.