स्टिकर नसलेल्या वस्तू

टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत सायकलला स्टिकर लावावा लागतो. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. सायकली उदंड आणि जागा हाताएवढी, तेव्हा शिस्त हवीच. पण जूनमध्ये लिफ्टशेजारी नवा नियम लागला. आता छत्री, चपलांचं कपाट, बाबागाडी, कपडे वाळत घालायचा स्टँड, सगळ्याला स्टिकर. प्रत्येक स्टिकर विकत, आणि तोही फक्त भाडेकरूंना. स्टिकर नसलेल्या वस्तू हलवल्या जातील, असं खाली लिहिलं होतं.

नियम घरमालकांच्या सभेनं केला होता. त्या सभेत भाडेकरूंना बसता येत नाही. माझं डोकंच फिरलं.

मी जवळच्याच कोतो भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. त्याच आठवड्यात आठवीला अमेरिकेतल्या वसाहतींचा धडा चालू होता. इंग्लंडच्या पार्लमेंटनं तिथल्या वर्तमानपत्रांवर, करारांवर, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कराचा शिक्का सक्तीचा केला, आणि त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही माणूस नव्हता. लोक रकमेपेक्षा त्या न विचारण्यानं पेटले. जेवताना मी हेच तावातावानं सांगत होते. नवरा, राजीव, मान डोलवत जेवत होता. पहिलीतली आमची मुलगी मात्र घास हातात धरून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी खाली गेले. कार्यालयाच्या खिडकीत व्यवस्थापक होशिनो-सान होते, नेहमीसारखे नम्र.

"हे कोणी ठरवलं?"

"सभेनं."

"आम्हाला विचारलं?"

ते कमरेत वाकले. त्या वाकण्याचा मला भयंकर राग आला. मी त्यांच्यादेखत माझ्या लाल सायकलचा स्टिकर नखांनी खरवडून काढला.

"हारावानाई," मी म्हणाले. नाही भरणार पैसे.

मुलीनं टाळी वाजवली.

सकाळी सायकल नव्हती. तिच्या ठिकाणी मोकळी जागाही नव्हती; दोन्ही बाजूंच्या सायकली एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. अशी सायकल इथे नव्हतीच, असं होशिनो-सान म्हणाले.

मी तणतणत वर आले. "राजीव, माझी सायकल उचलून नेली त्यांनी."

"कुठली सायकल? तू तर स्टेशनला चालत जातेस."

"चेष्टा पुरे हां."

तो चेष्टा करत नव्हता. सायकलची किल्ली माझ्या जुडग्यात तशीच होती. ती कशाची, हे त्यानं मलाच विचारलं.

शनिवारी सकाळी मी मुलीची वेणी घालत होते. मानेवर, केसांच्या आत, स्टिकर होता. त्यावर आमच्या फ्लॅटचा नंबर.

माझी लेक काय वस्तू आहे? नख स्टिकरच्या कडेपर्यंत गेलं आणि ती किल्ली आठवली. मी हात मागे घेतला.

"हात लावू नकोस हं त्याला. आपण आत्ता खाली जाऊ," मी म्हणाले आणि कुकर बंद करायला उठले.

परत आले तेव्हा ती हसत होती. बोटाच्या टोकावर स्टिकर होता.

"हारावानाई," ती म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला आणि जिन्यानंच खाली पळत सुटले.

"स्टिकर द्या. हवे तेवढे पैसे घ्या."

होशिनो-सान यांनी माझ्या शेजारी पाहिलं. मग माझ्या हाताकडे.

"कशासाठी?"

"माझ्या मुलीसाठी. ही काय."

ते कमरेत वाकले. मग एक कोरा स्टिकर आणि पेन त्यांनी खिडकीतून पुढे सरकवलं.

"नाव लिहा."

मला अजूनही राग येतोय. मूठ घट्ट मिटलेली आहे आणि तिच्यात केसांना लावायचा एक पिवळा रबर आहे.

नाव आठवत नाही.