गुरुनाथकाकांच्या शर्टांची गोधडी

अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये नोव्हेंबर लागला की दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. अशाच एका पावसाळी दुपारी शैलजाकाकू दोऱ्याची दोन रिळं आणि सुयांचं पाकीट घेऊन दुकानातून घरी आल्या. शर्टाच्या बटणापलीकडे त्यांनी जन्मात काही शिवलं नव्हतं. पण अखेरच्या दिवसांची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिसच्या नर्सनं सुचवलं होतं, काकांच्या जुन्या शर्टांची क्विल्ट, म्हणजे गोधडी, करा, तेवढंच हाताला काम.

गुरुनाथकाकांचा पलंग दिवाणखान्यातच मांडला होता. यकृताचा कॅन्सर. उपचार थांबवले होते. आता जिभेखाली मॉर्फिनचे थेंब, एवढंच. उभं आयुष्य पूल बांधण्यात घालवलेल्या या माणसाला पाण्याचा पेलाही उचलवत नव्हता.

चार घरं सोडून मृणालिनीताई राहत. निवृत्त सर्जन, आता क्विल्ट करण्याचा नाद. त्यांनी काकूंना चौकोन कापायला शिकवलं, जोडायला शिकवलं, कापसाचा थर घालून धावदोरा टाकायला शिकवलं.

"वाकडे येऊ देत गं टाके," त्या म्हणाल्या. "पेशंटचं पोट थोडंच शिवतेयस?"

काकू पलंगाशेजारी शिवत बसत आणि काका बघत पडत. निळ्या चौकड्यांचा चौकोन दिसला की म्हणत, हा आपल्या यशोधनच्या ग्रॅज्युएशनला घातला होता. एकदा हसून म्हणाले, "ही पुरी झाल्याशिवाय मी काही जात नाही बघ."

ते बोलले गमतीत, पण काकूंनी ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले. एका बाजूची शेवटची कड उरली, तसा त्यांनी हात आखडता घेतला. दिवसभर काकांच्या डोळ्यांदेखत शिवायचं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन तेवढंच उसवायचं. नर्स म्हणाली होती, फार तर दोन आठवडे. पाचवा आठवडा उजाडला. काका होते. कण्हत होते, अंगावर चादरीचा भारही सोसत नव्हता. पण होते.

मग एका दुपारी खुर्चीतच काकूंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मांडीवरच्या गोधडीची उसवलेली कड वीतभर शिवलेली होती. टाके वेडेवाकडे, शिकाऊ हाताचे. झोपेत आपणच शिवलं की काय? त्यांनी मुकाट्यानं सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गोधडी गाडीच्या ट्रंकमध्ये टाकली, गाडी लॉक केली आणि किल्ली मुठीत धरून पडल्या. उठल्यावर ट्रंक उघडली, तर नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा गरम वास तोंडावर आला. कड चार बोटं सोडून पुरी झाली होती. सुई कापडातच अडकवलेली होती. काकूंनी ती धरली... कोमट लागली.

घरात येऊन त्यांनी काकांना हलकेच विचारलं, "अहो, मी झोपले की कुणी येतं का?"

"ती बाई ना?" काका डोळे न उघडता म्हणाले. "येते की."

"कोण बाई?"

"शिवत बसते... फार जपून शिवते गं."

"दिसते कशी?"

"मान खाली असते... वर बघतच नाही."

दुसऱ्या दिवशी काकूंनी झोपायचंच नाही असं ठरवलं. दोन कप कडक चहा घेतला आणि गोधडी मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात दाबून बसल्या. बाहेर डेकवर पाऊस वाजत होता. हीटरची घरघर थांबली. घर एकदम मुकं झालं. आणि त्या शांततेत आवाज आला. कापडातून दोरा ओढल्याचा. सर्र... मग थोडं थांबून, सर्र...

गोधडी गुडघ्यांपाशी हळूच खाली ओढली जात होती. प्रत्येक ओढीसरशी काकांचं कण्हणं कमी होत होतं.

काकूंनी सगळी गोधडी छातीशी कवटाळली. आवाज थांबला आणि काका किंचाळले. माणसाच्या गळ्यातून तसा आवाज निघतो हे काकूंना ठाऊक नव्हतं.

"शैला... सोड."

"नाही हो. नाही सोडणार."

"पुरी होऊ दे गं तिची... फार दुखतंय."

पाच आठवडे. त्यांतला एकेक उसवलेला टाका काकूंच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी मिठी सैल केली. सर्र... सर्र... मग बारीकसा कट्ट आवाज झाला, दातानं दोरा तोडल्यासारखा. त्यानंतर फक्त पाऊस.

काकांचे डोळे उघडे होते. काकूंच्या खांद्यामागं कुठंतरी लागले होते. काकूंनी मागं वळून पाहिलं नाही.

मुलगा यशोधन त्याच संध्याकाळच्या फ्लाइटनं फ्रिस्कोहून आला. सगळं त्यानं पार पाडलं. चौथ्या दिवशी मृणालिनीताई भेटायला आल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी गोधडी पसरली आणि चष्मा लावून कितीतरी वेळ न्याहाळली.

"हे तुझे टाके. ओळखू येतात. आणि ही कड कुणी केली?"

"का?" काकूंनी विचारलं.

"हात वेगळा आहे. तीही शिकाऊच. सुरुवातीला बघ ना, किती तिरके. पण इथं शेवटी... अगदी एकसारखे." त्यांनी त्या चार बोटांवरून बोट फिरवलं. "बसला तिचा हात. आता पुढची गोधडी सुरेख करेल."

काकूंचे दोन्ही तळवे गोधडीवर टेकलेले होते. ते त्यांना उचलता येईनात. बाहेर दिवाणखान्यात, तीन रात्री जागलेला यशोधन सोफ्यावर नुकताच झोपला होता. तिथून त्याचा झोपाळलेला, वैतागलेला आवाज आला.

"आई, स्टॉप ना... शर्ट सोड माझा."