मागे घेतलेलं अपील

"ताई, आपल्याच निकालानं माझ्या पोरीचा गळा धरला गं!"

दारातच उभा राहून भाऊ रडत होता... अंगावर वकिलाचा काळा कोट तसाच! ताईच्या हातातलं शिवण थांबलं. इतक्या वर्षांत या भाड्याच्या खोलीकडे तो फिरकलाही नव्हता, आणि आज आला तो असा!

ठकी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. नवरा गेल्यावर अंथरुणाला खिळलेल्या सासूसासऱ्यांचं तिनंच सगळं केलं. ते गेले, आणि दिरानं तिला घर सोडायला सांगितलं. ठकी कोर्टात गेली. न्यायाधीश भला माणूस, तिची कहाणी ऐकून त्याचाही आवाज कापरा झाला म्हणे, पण म्हणाला, "माझे हात बांधलेले आहेत, बाई. सेवा करणारी बाई घरात राहते ती मालकाच्या मर्जीनं, तिचा हक्क नाही, असा वरच्या कोर्टाचा निकाल आहे. मला तो पाळावाच लागतो. मोडायचा तर सर्वोच्च न्यायालयानंच मोडायचा."

आणि तो निकाल कुणाच्या खटल्यातला? ताईच्याच!

आईवडिलांच्या आजारपणात ताईचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि ते दोघं गेल्यावर याच भावानं तिला घराबाहेर काढलं. वरच्या कोर्टात ती हरली. सर्वोच्च न्यायालयानं मात्र तिचं अपील दाखल करून घेतलं होतं... तेव्हा यानं तिला देवळात गाठलं, तान्ही ठकी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आत्ता कुठे माझं बस्तान बसतंय, ताई. बहिणीला रस्त्यावर काढणारा म्हणून माझी छी-थू होईल. हिच्याकडे बघून तरी अपील मागे घे!"

त्या इवल्या मुठीनं ताईचं बोट धरलं, आणि ताई विरघळली! अपील मागे घेतलं गेलं, निकाल तसाच राहिला आणि खालच्या प्रत्येक कोर्टाला तोच दाखला झाला. त्याखाली किती लेकीसुना बेघर झाल्या! आपण एकट्या बुडालो नाही, सगळ्यांना घेऊन बुडालो, या विचारानं ताईचा जीव आतल्या आत कोंडून जाई. कुणाला सांगणार?

"आता सर्वोच्च न्यायालयात जातोय, ताई. तू पाठीशी उभी राहा," भाऊ म्हणाला.

"येते मी कोर्टात," ती म्हणाली. "पण ठकीसाठी. तुझ्यासाठी नाही."

सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठापुढे भाऊ स्वतःच लेकीची बाजू मांडत होता. सरन्यायाधीशांनी चष्मा काढला.

"वकीलसाहेब, इतकी वर्षं लोकांनी याच निकालाच्या भरवशावर वाटण्या केल्या, घरं विकली. आता तो का हलवायचा? ज्यांच्या खटल्यात तो लागला त्या बाईंनीसुद्धा अपील मागे घेतलं. म्हणजे त्यांना तो मान्यच होता ना?"

मागच्या बाकावरची ताई बोलायला म्हणून उठली आणि तशीच खाली बसली. इथे बोलायचा अधिकार फक्त वकिलांना! भावानं वळून पाहिलं. तिनं मान हलवली... नको! मी थकले होते म्हणून सांग, काहीही सांग, पण आयुष्यभर कमावलेलं नाव असं धुळीला मिळवू नकोस रे! वेडी माया, दुसरं काय.

"मान्य नव्हता, महाराज," भाऊ म्हणाला. "ती माझी बहीण. तिला घराबाहेर काढणारा भाऊ मीच. माझी अब्रू वाचावी म्हणून मीच तिला अपील मागे घ्यायला लावलं. आणि बाकीच्या बायका... ज्यांना डोक्यावर छप्परच उरलं नाही, त्या इथवर येणार कशा?"

सरन्यायाधीशांनी चष्मा पुन्हा चढवला आणि समोरच्या कागदावर काही टिपलं.

निकालाच्या दिवशी तो जुना निकाल मोडला. ठकीचं छप्पर वाचलं! बाहेर आल्याबरोबर तिनं ताईला मिठी मारली.

"आत्या, आता तुझंही घर तुला मिळणार!"

भावाची मान खाली गेली. "नाही गं, बाळा. कायदा बदलला तरी मिटलेला खटला पुन्हा उघडत नाही. ताईपुरता तो निकाल कायमच राहणार." आणि भर व्हरांड्यात, ओळखीच्या वकिलांदेखत, त्यानं ताईचे पाय धरले. "कोर्ट नाही देणार, पण मी देतो, ताई! घर तुझ्या नावावर करतो. मला क्षमा कर!"

"ऊठ आधी. कोट मळेल." ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. "आईबाबा होते तेव्हा त्या घरात जीव होता माझा. आता त्या भिंती घेऊन काय करू रे? तिथं रडायचं वय गेलं माझं."

तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. ताईनं त्याला उठवलं, त्याचे डोळे पुसले. त्या भाड्याच्या खोलीला तिनं आजवर कधी घर म्हटलं नव्हतं.

"उद्या ठकीला घेऊन जेवायला ये," ती म्हणाली. "माझ्या घरी."